बारा खुणांची बाटली

जालना, ता. १८ नोव्हेंबर १९३७

शरयूताई,

ताराला ऐकू येत नाही. दोन्ही कानांनी. गेल्या महिन्यात चार वर्षं झाली.

हे पत्र मुंबईला बोटकंपनीच्या कचेरीत तुझ्या नावानं ठेवायला लिहिलं आहे. सही घेऊनच ते देतील. तुझी बोट बावीसला लागते. धक्क्यावरून तुला दोन रस्ते आहेत. एक, रात्रीच्या गाडीनं मनमाड, तिथून आपली लहान रुळांची गाडी आणि जालना. दुसरा, आल्या बोटीनं परत. कोणता घ्यायचा ते तू ठरवशील. ठरवताना तुझ्या हातात खरी माहिती असावी, एवढंच माझं काम.

जिला न्यायला तू येते आहेस, जी तुझ्या गाण्याच्या तबकडीतले श्वास मोजते, जिनं तुझा डळमळलेला सूर ओळखला, जिच्यासाठी तू मिलानमध्ये पियानो भाड्यानं घेतलास आणि मास्तरांचा वेळ राखून ठेवलास, ती मुलगी इथं नाही. ती मी तयार केली. इथं तारा आहे. नऊ वर्षांची, वयाच्या मानानं उंच, डाव्या हातानं लिहिणारी, भांडखोर आणि पूर्ण बहिरी.

दवाखान्यातून गेलेल्या प्रत्येक औषधाची नक्कल वहीत ठेवायची, हे हैदराबादेत कंपाउंडरी शिकताना मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. तुला गेलेल्या पत्रांच्याही नकला मी ठेवल्या. कशासाठी, ते तेव्हा माहीत नव्हतं. त्यातल्या काही खाली उतरवते. प्रत्येकीखाली त्या दिवशी खरं काय होतं ते लिहिते.

नक्कल. ता. ९ नोव्हेंबर १९३३

ताई, तबकडी फुटली नाही, पेटीत भुसा भरपूर होता. तारा तापातून उठली. अशक्त आहे, पण जेवते. तबकडी लावली तेव्हा ती ग्रामोफोनच्या पेटीजवळ बसली आणि शेवटपर्यंत हलली नाही. ऑपेरातल्या त्या कैदेतल्या हबशी राजकन्येच्या वेशातला तुझा फोटो मिळाला. दुसऱ्या बायकांना त्या कामासाठी अंगाला काळा रंग फासावा लागतो आणि तुला लागत नाही, तुझा तासभर वाचतो, हे वाचून आई तू गेल्यापासून पहिल्यांदा हसली. काळजी करू नकोस. नीला.

खरं असं.

ताप ऑक्टोबरच्या अकरा तारखेला आला. हिवतापच होता, मी रक्त काचेवर घेऊन पाहिलं. डॉक्टरीणबाई मंठ्याच्या बाजूला फिरत्या दवाखान्यावर गेल्या होत्या, म्हणून औषध मीच केलं. क्विनीन आम्ही आम्लात विरघळवून देतो. त्यानं ते पाण्यासारखं स्वच्छ होतं, पण जहर कडू लागतं. तारानं दोन वेळा ओकून टाकलं. मग मी आम्ल वगळलं आणि पूड डिंकाच्या पाण्यात घोटली. न विरघळलेलं क्विनीन जिभेला कमी कडू लागतं. पण ते तळाला बसतं. म्हणून दर वेळी बाटली जोरानं हलवून द्यायची असते.

बारा डोस, प्रत्येकी दोन ग्रेन, दिवसाला तीन. बाटलीला कागदाची पट्टी लावली, तिला बारा खुणा कातरल्या. वर चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठ्या आमच्याकडं छापील येतात, एका ओळीत इंग्रजी आणि खाली उर्दू: हलवून घ्यावे. आईला दोन्ही लिप्या येत नव्हत्या. मी तोंडानं सांगितलं नाही. सांगायचं राहिलं असं नव्हे. बाटलीवर लिहिलं आहे म्हणजे सांगून झालं, असं माझ्या डोक्यात होतं.

आपल्याकडं पावसाळ्यानंतर पाणी कसं प्यायचं ते तुला ठाऊक आहे. कुंडलिकेचं गढूळ पाणी घागरीत, तुरटी फिरवायची, गाळ बसू द्यायचा, वरचं निवळ अलगद ओतून घ्यायचं. आईनं बाटली पाहिली. तळाला पांढरा गाळ. तिनं बाटली देवापाशी ठेवली, कोणाला हात लावू दिला नाही, आणि वरचं निवळ तेवढं आठ वेळा, वेळ न चुकवता, खुणेबरहुकूम दिलं.

तीन दिवसांत ताप उतरेना. चौथ्या दिवशी एकशे पाच झाला. मी दवाखान्यातून घरी येऊन बसले. चार खुणा उरल्या होत्या. बाटली हलवली तेव्हा औषध दाट दिसलं. ताई, हे मी पाहिलं. डिंक जास्त पडला असेल असं स्वतःला सांगितलं. थांबून दुसरं औषध करायला अर्धा तास लागला असता. तिच्या मानेला आचके येत होते. मी चारही डोस दिले, तीन तीन तासांनी. बारा डोसांतलं बहुतेक क्विनीन त्या चारांत होतं. नऊ तासांत निदान वीस ग्रेन. पाच वर्षांची मुलगी.

सकाळी ताप नव्हता. आईनं देवाला साखर ठेवली. तारा उठून बसली आणि म्हणाली, "मावशी, कानात रातकिडे वरडून राह्यले. आन् तुम्ही सगळे हळू का बोलून राह्यले?"

त्यानंतर दोन दिवसांनी रातकिडेही थांबले.

बाटली विसळताना मी आईला विचारलं, देताना हलवली होतीस ना? आई म्हणाली, "हलवू कशाला? गाळ बसू दिला, मंग निवळ तेवढं दिलं. पोरीच्या पोटात बिलकुल गाळ जाऊ दिला न्हाई." हे ती अभिमानानं म्हणाली. मी म्हटलं, बरं केलंस.

गेल्या वर्षी आई वारली तोपर्यंत तिला कळलं नाही. तापानं कान गेले असंच ती शेवटपर्यंत सांगत होती. डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, तापानंही जातात. असेल. ती शंका मी स्वतःसाठी वापरत नाही.

तबकडी लावली तेव्हा तारा पेटीजवळ बसून होती, हे खरं. सुई फिरते कशी ते बघत होती.

नक्कल. ता. २१ फेब्रुवारी १९३५

ताई, गडाच्या तटावरून उडी घेणाऱ्या बाईच्या गाण्याच्या दोन्ही तबकड्या पोचल्या. ताराला काय ऐकू आलं ते तिच्याच शब्दांत कळव, असं तू लिहिलंस. तिचे शब्द: "आई चौदा वेळा श्वास घेती. नवव्याला जल्दी करती." आमच्या दवाखान्यातली आया गोजरबाई दारात होती. ती म्हणाली, "माय माय! एवढा जीव काढून कोणाला हाका मारून राह्यली गं ही? मेलं का कोणी?" मी म्हटलं, हो, तिचा माणूस मेला. "मंग बराबर हाय," म्हणाली आणि पाट ओढून पुरती ऐकत बसली. जाताना म्हणाली, "गाणं न्हाई कळलं, पण रडणं खरं हाय." नीला.

खरं असं.

श्वास मी मोजले, नाडीच्या घड्याळावर. नववा घाईनं घेतला आहेस, तो आधीचं वाक्य तू दीड सेकंद जास्त ओढलंस म्हणून. मोजण्यापूर्वी तबकडीच्या मध्यावर कागदाचा तुकडा चिकटवून मी मिनिटाचे फेरे मोजते. अठ्ठ्याहत्तर भरले तरच तुझा सूर तुझा. कमी भरले तर तू जाड आवाजाची होतेस, जास्त भरले तर चिमणी.

का लिहिलं तसं? आधीच्या पत्रात तू लिहिलं होतंस की पडदा वर जाण्याआधी तू डोळे मिटून ताराला समोर बसवतेस आणि मग तिच्यासाठी गातेस. "दोन हजार लोक मला पूर्वेकडची नवलाई म्हणून बघायला येतात," असं तुझं वाक्य होतं. "ऐकायला एकटी तारा येते." ते वाचल्यावर मी दौत उघडली. चार ओळींत खरं लिहून झालं असतं. मी चौदा श्वास मोजायला बसले.

एक गोष्ट मात्र माझ्याही ध्यानात उशिरा आली. तबकडी लागली की तारा समोर येऊन बसते आणि माझ्या तोंडाकडं बघते. तुझा उंच सूर यायच्या आधी ती बोट वर करते. दर वेळी, बरोबर जागी. मी वीस वेळा तपासलं. पाटीवर तिनं कारण लिहिलं: "तवा तू श्वास धरतीस." माझा चेहरा कोणाला वाचता येत नाही असं इथं सगळे म्हणतात. तुझी मुलगी त्यावरून तुझं गाणं वाचते.

म्हणजे "नवव्याला जल्दी करती" हे अगदीच खोटं नव्हतं. पण मी ते तुला तसं सांगितलं नाही.

नक्कल. ता. ३ एप्रिल १९३७

ताई, पुजारिणीच्या तबकड्या मिळाल्या. आपली लपवलेली मुलं ती दुसऱ्या बाईच्या ओटीत घालते ती जागा आम्ही तीनदा लावली. तू लिहितेस की ते काम तुला शिकवावं लागलं नाही. ताराचं म्हणणं एवढंच: "शेवटच्या उंच सुरावर आई थरथरती. तिला थंडी वाजती का?" नीला.

खरं असं.

मला वाटलं यंत्राची कमान ढिली झाली. फेरे मोजले, अठ्ठ्याहत्तर. मग वाटलं तबकडीचं भोक मध्यापासून सरकलं असेल. तसं असलं की सूर प्रत्येक फेऱ्याला एकदा डोलतो, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर वेळा. हा सूर त्याच्या तिप्पट वेगानं डोलत होता. दोष यंत्रात नव्हता, तबकडीत नव्हता. तुझ्या घशात होता. दोन वर्षांपूर्वीच्या तबकडीवर तोच सूर काठीसारखा सरळ उभा आहे.

साठ वाद्यांच्या वरून ऐकू जायचा जड आवाज तुझा, आणि तू तो हंगामात पन्नास पन्नास वेळा लावतेस. मला काळजी वाटली. माझ्या नावानं लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, कंपाउंडरीणबाई, तुम्ही आपल्या बाटल्या बघा. म्हणून मी ताराच्या तोंडी घातलं. मुलांचं कोणी मनावर घेत नाही, असं मला वाटलं. माझ्या सगळ्या चुकांत ही सर्वांत मूर्ख.

तुझं उत्तर माझ्यापुढं आहे. तुला तुझं लिहिलेलं आठवत नसतं, म्हणून देते:

"नीले! इथं तीन मास्तर, एक थिएटरवाला, शंभर चाहते. फुलं, फुलं, फुलं. कोणी चकार शब्द काढला नाही. मला रात्र रात्र कळत होतं की काहीतरी सुटतंय, आणि सगळे म्हणत होते, वा. आणि माझ्या पोरीनं हजारो कोसांवरून ऐकलं! नऊ वर्षांची! थंडी वाजती का म्हणे! अगं, मी वाचून जमिनीवर बसले. आता माझा दुसऱ्या कोणाच्या कानांवर विश्वास नाही. मी तिला न्यायला येते. माझ्या समोरच्या खुर्चीत ती बसेल, आणि ती मान हलवील तेव्हाच मी स्टेजवर जाईन."

हे मी दवाखान्यात, औषधं घोटायच्या टेबलापाशी वाचलं. खल हातातून सुटला आणि फुटला. माझ्या हातून फुटलेलं ते एकुलतं एक भांडं आहे.

यापुढच्या पत्राची नक्कल नाही.

ऑगस्टमध्ये मी लिहिलं की जालन्यात प्लेग आहे, येऊ नकोस. प्लेग नव्हता. एकही उंदीर मेला नव्हता. दवाखान्यात शिकलेल्या बाईनं, जिच्या शब्दावर लोक घर सोडून रानात झोपड्या बांधतात, तिनं प्लेगचं खोटं लिहिलं. तू तार केलीस: "मग तर आधी येते." त्यानंतर माझ्यापाशी दुसरं काही उरलं नाही.

आता तुझ्याबद्दल.

हे पत्र सुरू करताना तुला दोष द्यायचा माझा विचार होता. भालचंद्रराव वारल्यावर तू विधवा म्हणून सासरी दोन वर्षं काढलीस, मग मिशनच्या मिसबाईंबरोबर मुंबईला गेलीस, तिथून त्या इटालियन मास्तरांबरोबर पुढं. कुंभार पिंपळगावहून तुझ्या सासऱ्यांनी, वामनरावांनी, मुलगी बैलगाडीत घालून आमच्या दारात आणली आणि त्यांचे शब्द होते, "आम्ही तिच्या नावानं अंघोळ केली. ही घ्या तिची निशाणी." तीन वर्षांची तारा तेव्हा गाडीतच झोपली होती. मी हे तुला कधी लिहिलं नाही. आज लिहिताना बघते, तर त्यात तुझ्यावर ठेवण्यासारखं काही सापडत नाही. मुलगी तू माझ्या भरवशावर ठेवलीस. ती मी बिघडवून परत देते आहे. तोलून पाहिलं तर पारडं माझ्याच बाजूला खाली जातं.

तारा तुला राजकन्येच्या फोटोवरून ओळखते. तिनं सगळ्यांना खुणेची नावं ठेवली आहेत. माझं नाव बाटलीचं बूच लावायची खूण. गोजरबाईचं, नाकाला तपकीर. तुझं, डोक्यावर मुकुट धरायचा आणि तोंड भलं मोठं उघडायचं. तो फोटो पाहून तिनं पहिल्यांदा विचारलं होतं, "आई दातवाल्याकडं बसली का?" ती बोलते. आवाज सपाट आहे आणि किती मोठा होतो ते तिला कळत नाही. भांडताना गल्लीच्या टोकापर्यंत जातो. गोजरबाई म्हणते, "आईचाच गळा हाय, खोटं न्हाई." मी हसत नाही. तारा हसते, कारण गोजरबाईचे ओठ तिला माझ्यापेक्षा चांगले वाचता येतात.

तुझ्या आवाजाबद्दल माझं मत, माझ्या नावानं: तो संपलेला नाही, थकला आहे. दवाखान्यात असे घसे मी पाहिले आहेत, भाजी विकणाऱ्यांचे आणि मास्तरणींचे. वर्षभर मोठी कामं घेऊ नकोस. तुझा डळमळलेला सूर ज्या कानांनी ऐकला, ते माझे होते. ते तुला हवे असतील तर आहेत.

मला काय हवं आहे, तेही लिहायला हवं. तारा मला हवी आहे. तू तिला नेलंस तर संध्याकाळी सहानंतर मी काय करीन ते मला माहीत नाही. पण तू आलीच नाहीस, ती ऐकत नाही म्हणून आली नाहीस, तर ते तिला मी काय सांगू? त्या खोट्याची नक्कल मला ठेवता येणार नाही. तिला वाचता येतं.

म्हणून ये. मला न भेटता तिला भेट. मी दवाखान्यात थांबेन.

नीला


जालना, ता. २९ नोव्हेंबर १९३७

ताई,

पावती चोवीसला आली. सही तुझीच आहे. म्हणजे पत्र तुला तेवीसलाच मिळालं. आज सहावा दिवस. तार नाही, चिठ्ठी नाही. तू मुंबईत कुठं उतरली आहेस ते मला ठाऊक नाही. कचेरीनं कळवलं आहे की बोट तीन तारखेला परत निघते आणि परतीच्या उतारूंना टपाल धक्क्यावर देतात. म्हणून हे तिथंच पाठवते. हे तुझ्या हातात पडलं तर तू परत चालली आहेस असा त्याचा अर्थ.

पंचवीसपासून आम्ही रोज स्टेशनावर जातो. मनमाडची गाडी अकरा चाळीसला येते. मी दवाखान्यातून तासाभराची सुट्टी घेते. डॉक्टरीणबाईंनी कारण विचारलं नाही. गोजरबाईनं विचारलं. "रोज टेशनात हजेरी! मास्तर पगार देतो का तुम्हाला?" आज मात्र तिनं ताराची वेणी घालून दिली आणि म्हणाली, "उद्याबी घालून दीन."

काल परत येताना तारानं रस्त्यात मला थांबवलं. भर बाजारात, तिच्या त्या मोठ्या आवाजात विचारलं, "तू आईला माझ्या कानाचं लिव्हलं का?" दोन दुकानदार वळून बघायला लागले. मी मान हलवली.

"सगळं?"

सगळं.

"बाटलीचं बी?"

ताई, बाटलीचं मी तिला कधी सांगितलं नव्हतं. दहा दिवसांपूर्वी मी ते पत्र लिहीत होते तेव्हा ती शेजारी बसून गणितं करत होती. मला वाटलं गणितं करते आहे.

मी पुन्हा मान हलवली. ती माझ्याकडं बघत राहिली. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत नाही, तिला माहीत असेल. मग तिनं बूच लावायची खूण केली, म्हणजे माझं नाव घेतलं. हात धरला आणि घरापर्यंत सोडला नाही. क्षमा केली असं मी म्हणत नाही. हात धरला, एवढं पाहिलं ते लिहिते.

घरी आल्यावर पाटीवर लिहिलं: "आई माझ्यावर रागावली का तुझ्यावर?" मी लिहिलं, माझ्यावर. तिनं लिहिलं: "मंग ती माझ्याकडं येऊ शकती."

ह्या वाक्यात मला चूक सापडत नाही. तुला सापडली तर परत जा.

मी रडावं असं तुला वाटत असेल. तू असतीस तर रडली असतीस, आणि ते वरच्या माळ्यावरच्या शेवटच्या माणसाला ऐकू गेलं असतं. मला ते येत नाही. मी रोज अकरा चाळीसला फलाटावर उभी राहते आणि डबे मोजते. सात असतात. सातही रिकामे झाले की मी घड्याळ बघते, आणि आम्ही घरी येतो. असं पाच वेळा झालं. किती वेळा जमेल ते मला सांगता येत नाही. पण गाडी रोज आहे आणि ती रोज जायचं म्हणते.

मी दवाखान्यात थांबेन असं लिहिलं होतं. ते जमलं नाही. तिला रुळांजवळ एकटी सोडता येत नाही, मागून आलेलं काही तिला कळत नाही. तुला मी नको असेन तर मी पाण्याच्या टाकीपाशी पाठ करून उभी राहीन.

तू आलीस तर काय करायचं ते लिहून ठेवते. मागच्या वेळी मी चिठ्ठी चिकटवली आणि तोंडानं सांगितलं नाही. ह्या वेळी चिठ्ठीखेरीज दुसरा उपाय नाही, तेव्हा नीट वाच.

मागून तिच्या खांद्याला हात लावू नकोस, ती घाबरते. समोरून ये. उजेड तुझ्या तोंडावर पडेल अशी उभी राहा. अकरा चाळीसला ऊन फलाटाच्या डाव्या अंगाला असतं. तिनं डोक्यावर मुकुट धरून तोंड मोठं उघडलं तर ती वेडावते आहे असं समजू नकोस, ते तुझं नाव आहे. बोललीस तर ओठ पुरे हलव. आवाज मोठा करायची गरज नाही. आवाज लावायचीच गरज नाही.

डब्यातून हाक मारू नकोस. हात वर कर. ती प्रत्येक खिडकी बघत येते.

नीला